शिरोरेषेची पाणसळ: आजोबांच्या वह्यांची छायाचित्रे सरळ करताना

मागच्या दिवाळीत कराडच्या घराचा माळा आवरताना आजोबांच्या किराणा दुकानाच्या अकरा वह्या सापडल्या. लाल कापडी बांधणीच्या, उभट पानांच्या, आणि पानाला घड्या घालून जमा-नावेचे रकाने पाडलेल्या या वह्यांपैकी पहिल्या दोन मोडीत आहेत आणि उरलेल्या बाळबोधीत. दोन वह्यांचे कोपरे वाळवीने आधीच खाल्ले होते, त्यामुळे आणखी नुकसान होण्यापूर्वी काकांनी फोनने प्रत्येक पानाचे छायाचित्र काढायचे आणि मी ती सगळी सरळ करून एकत्र लावायची, असे ठरले. मी एका लेखापरीक्षकाच्या कार्यालयात काम करते. संगणकशास्त्र मी शिकलेले नाही, आणि पायथन ही संगणकाची भाषा मला कामापुरती, म्हणजे एक्सेलच्या फायली जुळवण्याइतपतच येत होती. पंधरा दिवसांनी काकांचा पेनड्राइव्ह पुण्यात पोचला तेव्हा त्यात ६४० छायाचित्रे होती, आणि ती फिरवण्याचे काम एका रविवारी उरकेल असे मी घरात जाहीरही करून टाकले होते.

सुरुवात मी पिलो या पायथनच्या लायब्ररीपासून, म्हणजे तयार आज्ञांच्या संचापासून, केली. पीआयएल या जुन्या लायब्ररीतून २०१० मध्ये वेगळी निघालेली ही लायब्ररी चित्र उघडणे, कापणे, फिरवणे आणि जतन करणे ही कामे दोन-चार ओळींत करते. पहिलेच पान उघडले तर ते आडवे पडलेले दिसले. मी काकांना फोन करून विचारले, तर ते म्हणाले, "अगं, मी सरळच काढलेत फोटो. माझ्या फोनवर बघ, सगळे उभेच आहेत." आम्हा दोघांचेही खरे होते. फोनचा कॅमेरा चित्र नेहमी एकाच दिशेने, बहुधा आडवे, साठवतो आणि सोबत एक्झिफ नावाच्या माहितीच्या कप्प्यात, २७४ क्रमांकाच्या खुणेखाली, १ ते ८ यांपैकी एक आकडा लिहून ठेवतो. १ म्हणजे जसे आहे तसे दाखवा, ३ म्हणजे उलटे करून दाखवा, ६ म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ९० अंश फिरवून दाखवा. फोनवरचा चित्रसंग्रह ही खूण वाचून चित्र उभे करतो. पिलो मात्र चित्र उघडताना ती आपणहून पाळत नाही.

हे कळण्यापूर्वी मी रोटेट या आज्ञेला ९० हा आकडा देऊन मोकळी झाले होते. हाती आलेले पान डोक्यावर उभे तर होतेच, शिवाय त्याचा वरचा आणि खालचा भाग छाटला गेला होता आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले होते. पिलोमध्ये धन कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजला जातो, त्यामुळे मला हवे होते ते उणे ९०. आणि एक्सपांड हा पर्याय सुरू केल्याशिवाय फिरवलेले चित्र जुन्याच चौकटीत बसवले जाते, म्हणजे ४००० पिक्सेल (चित्राचे सूक्ष्म ठिपके) रुंद आणि ३००० उंच चौकटीत ३००० रुंद आणि ४००० उंच पान कोंबले जाते. एक्झिफची खूण वाचून चित्र योग्य तसे वळवणारी आज्ञा पिलोच्या इमेजऑप्स या भागात तयारच आहे, हे मला तासाभराने सापडले.

त्यानंतरची चूक मात्र महागात पडली. वळवलेली चित्रे मी मूळ फायलींच्याच नावाने, त्यांच्यावरच जतन करत गेले. चार मेगाबाइटच्या फायली एकेका मेगाबाइटवर आल्या तेव्हा जागा वाचली म्हणून मला बरेही वाटले. पान मोठे करून पाहिले तेव्हा अक्षरांच्या कडांभोवती मळकट झालर दिसली. जेपेग पद्धतीत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलांचे चौकोन पाडून प्रत्येकातला बारीक तपशील टाकून दिला जातो, आणि किती टाकायचा ते ठरवणारा दर्जाचा आकडा आपण दिला नाही तर पिलो तो ७५ धरते. ९० अंशांत फिरवताना पिक्सेलांची फक्त जागा बदलते, एकाचीही छटा बदलत नाही. नुकसान होते ते पुन्हा जेपेग करून ठेवताना. एव्हाना ३८ पाने अशी झाली होती, आणि पेनड्राइव्ह दिल्यावर काकांनी फोनमधली जागा मोकळी केली होती. त्यांनी न कुरकुरता ती ३८ पाने पुन्हा काढून पाठवली. तेव्हापासून मूळ चित्रांच्या फोल्डरात काहीही लिहायचे नाही, मधल्या पायऱ्यांची चित्रे तपशील न गमावणाऱ्या पीएनजी पद्धतीत ठेवायची आणि शेवटचे जेपेग ९५ दर्जाचे करायचे, असा दंडक मी स्वतःला घालून घेतला.

याच टप्प्यावर आणखी एक गंमत झाली. छायाचित्राची तारीख राहावी म्हणून मूळ एक्झिफ जसेच्या तसे नव्या फायलीत घातले, तर सरळ केलेली पाने फोनवर पुन्हा आडवी दिसू लागली. पिक्सेल मी वळवले होतेच, आणि जुनी ६ची खूण शिल्लक असल्याने फोनने ते पुन्हा वळवले. त्यातही सुमारे शंभर छायाचित्रांची खूण मुळातच चुकीची होती. वही जमिनीवर ठेवून फोन तिच्यावर सपाट, आडवा धरला की गुरुत्वाकर्षणाची दिशा पडद्याच्या आरपार जाते, आणि वर कुठे व खाली कुठे हे फोनला ठरवता येत नाही. मग तो आधीची दिशा धरून चालतो. त्या पानांसाठी खुणेवर विसंबून चालणार नव्हते, तर पानावरच्या मजकुराकडेच पाहायला हवे होते.

तिकडे वळण्यापूर्वी छोट्या कोनांचा प्रश्न होता. बहुतेक पाने दोन-तीन अंशांनी कललेली होती, आणि रोटेटला ३ सांगितल्यावर पान सरळ झाले खरे, पण शिरोरेषांना पायऱ्या पडल्या. असे का होते हे कळेना, म्हणून लायब्ररी बाजूला ठेवून चित्र फिरवण्याचा कार्यक्रम (प्रोग्रॅम) मी स्वतःच लिहून पाहिला. शाळेतल्या साइन-कोसाइनची सूत्रे आठवून प्रत्येक पिक्सेल उचलायचा, त्याची नवी जागा काढायची आणि तिथे ठेवायचा, इतके सरळ काम होते. पहिल्या खेपेस पान जवळजवळ उलटे झाले, कारण पायथनची साइन कोन रेडियन या एककात मागते, अंशांत नव्हे, आणि ३ रेडियन म्हणजे सुमारे १७२ अंश होतात. दुसऱ्या खेपेस पान उलट बाजूला कलले, कारण चित्रात उभा अक्ष वरून खाली मोजतात आणि भूमितीच्या वहीत खालून वर. तिसऱ्या खेपेस कोन बरोबर आला, पण पानभर खसखस पेरल्यासारखे काळे ठिपके होते.

त्या ठिपक्यांनीच मला सगळे शिकवले. जुन्या चित्रातला पिक्सेल फिरवला की त्याची नवी जागा क्वचितच पूर्णांकात येते. ती जवळच्या पूर्णांकावर नेली की काही घरांत दोन पिक्सेल येऊन पडतात आणि काही घरे रिकामी राहतात. म्हणून लायब्ऱ्या काम उलटे करतात. नव्या चित्रातल्या प्रत्येक रिकाम्या घराला त्या विचारतात की तू जुन्या चित्रात कुठे होतास, आणि तिथला रंग आणून त्या घरात भरतात. त्यामुळे एकही घर रिकामे राहत नाही. पण उत्तर इथेही अपूर्णांकातच येते. समजा उत्तर आले आडवे १२०.३ आणि उभे ४५.६. हा बिंदू चार पिक्सेलांच्या मधे पडतो. पिलो काही न सांगता त्यांतला सर्वांत जवळचा उचलते, आणि शिरोरेषेच्या पायऱ्या येतात त्या यामुळेच. बायलिनियर पद्धतीत चौघांचाही अंतरानुसार वाटा घेतला जातो: वरच्या दोघांचा ०.२८ आणि ०.१२, खालच्या दोघांचा ०.४२ आणि ०.१८. वरचे दोन पिक्सेल कागदाचे, २३० छटेचे (० म्हणजे काळे, २५५ म्हणजे पांढरे), आणि खालचे दोन शाईचे, ६० छटेचे असतील, तर नव्या घरात १२८ ही मधली करडी छटा येते आणि शिरोरेषेची कड डोळ्याला सरळ दिसते. बायक्युबिक पद्धत चारऐवजी सोळा शेजाऱ्यांना विचारते, आणि हस्ताक्षरासाठी मला तीच चांगली वाटली.

यातून एक गोष्ट माझ्या नीट लक्षात आली. छोट्या कोनात फिरवलेले चित्र हे जुने चित्र नसतेच. ते शेजाऱ्यांच्या सरासरीतून नव्याने काढलेले चित्र असते. तीन अंश फिरवून मग "थोडे जास्त झाले" म्हणून अर्धा अंश मागे आणले, तर सरासरीची सरासरी होते आणि बारीक काने-मात्रे पुसट होत जातात. म्हणून दरवेळी मूळ चित्रापासूनच, आणि एकदाच फिरवायचे, असे मी ठरवले.

माझा घरगुती कार्यक्रम एका पानाला मिनिटभराहून अधिक वेळ घेत होता, म्हणजे ६४० पानांना दहा तासांच्या वर. शिकण्यासाठी तो पुरेसा होता, म्हणून तो तिथेच सोडून मी लायब्ररीकडे परतले. चौकट किती वाढेल हे मात्र आता कागदावर काढता येऊ लागले होते: ३००० बाय ४००० चे पान ३ अंश फिरवले की सुमारे ३२०५ बाय ४१५२ ची चौकट लागते. कोपऱ्यांत जे काळे त्रिकोण येतात त्यांत कागदाचाच फिकट रंग भरायला सांगितले.

आता उरला प्रश्न कोन शोधण्याचा. सहाशे पानांचे कोन नजरेने ठरवणे मला शक्य नव्हते. इथे आपली लिपी मदतीला आली. पानाची छोटी प्रत घ्यायची, पिक्सेलांच्या प्रत्येक आडव्या ओळीत किती शाई आहे याची बेरीज करायची आणि त्या बेरजांचा आलेख काढायचा. पान कललेले असेल तर शाई सगळ्या ओळींत पसरते आणि आलेख बुटक्या टेकड्यांसारखा दिसतो. पान सरळ झाले की सगळ्या शिरोरेषा मोजक्या ओळींत गोळा होतात, मधल्या ओळी रिकाम्या राहतात आणि आलेखाला सुळके फुटतात. लागोपाठच्या बेरजांमधल्या फरकांचे वर्ग करून त्यांची बेरीज घेतली की सुळकेपणाचा एक आकडा मिळतो. ती प्रत उणे ५ ते अधिक ५ अंश अर्ध्या-अर्ध्या अंशाने फिरवून तपासायचे, जिथे तो आकडा सर्वांत मोठा येईल त्याच्या आजूबाजूला पुन्हा ०.१ अंशाने तपासायचे. यापेक्षा बारीक जाण्याची गरज नव्हती, कारण ३००० पिक्सेल रुंदीत ०.१ अंशाची चूक म्हणजे पानाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ५ पिक्सेलांचा चढ. रोमन लिपीलाही ही पद्धत लागू पडते, पण शिरोरेषेमुळे देवनागरीचे सुळके जास्त उंच येतात. गवंड्याच्या हाती पाणसळ असते तसे प्रत्येक ओळीबरोबर मापाचे साधन छापूनच मिळालेले असते. मोडीच्या दोन वह्यांत तर ते आणखी स्पष्ट होते. मोडी लिहिणारा आधी पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढून घेतो आणि मग तिला अक्षरे टांगतो. त्या पानांचे आलेख सुयांसारखे आले.

आडवे पान की उभे, हेही याच आलेखाने ठरवता आले, कारण ९० अंश वळलेल्या पानाला सुळके येतच नाहीत. वर-खाली ओळखण्यासाठी सुळक्यांचा आकार पाहिला: सरळ पानावर कोऱ्या जागेतून एकदम शिरोरेषेचा कडा लागतो आणि मग अक्षरांच्या पायांपर्यंत शाई हळूहळू उतरते, उलट्या पानावर चढण सावकाश असते आणि कडा नंतर येतो. हे जमले तेव्हा मी रात्री साडेअकराला काकांना फोन लावला होता, आणि तो काकूंनी उचलला.

अर्थात सगळे इतके सुरळीत झाले नाही. तिसऱ्या वहीची पाने चार-चार अंशांनी वाकडी येऊ लागली. कोनांची यादी पाहून काही कळेना, म्हणून चित्रे उघडून पाहिली तेव्हा दिसले की काकांनी ती वही सतरंजीवर ठेवून छायाचित्रे काढली होती. माझा कार्यक्रम सतरंजीचे पट्टे अगदी इमानदारीने सरळ करत होता, आणि वही तिच्यावर जशी तिरकी ठेवली होती तशीच राहत होती. शाई मोजण्यासाठी फक्त पानाचा मधला भाग घ्यायचा, हा त्यावरचा उपाय.

काही पाने नुसती कललेली नव्हती, तर काकांनी बाजूने, तिरक्या कोनातून टिपलेली होती, त्यामुळे आयताचा समलंब चौकोन झाला होता. कितीही फिरवले तरी समलंब चौकोनाचा आयत होत नाही. फिरवणे, ताणणे, तिरपे सरकवणे या रूपांतरांत समांतर रेषा समांतरच राहतात. इथे दूर पळणाऱ्या कडांना पुन्हा समांतर करायचे होते, आणि त्यासाठी पर्स्पेक्टिव्ह रूपांतर लागते. त्याच्या ३ बाय ३ मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आकड्यांच्या चौकटीत, आठ अज्ञात आकडे असतात. पानाचे चार कोपरे आणि त्यांनी जिथे जायला हवे त्या चार जागा सांगितल्या की आठ समीकरणे मिळतात आणि गणित सुटते. हे काम ओपनसीव्ही ही लायब्ररी करते.

ओपनसीव्हीने मला पहिल्या संध्याकाळी तीन धक्के दिले. तिच्या इमरीड या चित्र उघडणाऱ्या आज्ञेला माझ्या विंडोजच्या संगणकावर देवनागरी नावाचे फोल्डर उघडता येईना. तक्रार न करता ती रिकामे उत्तर परत देत होती आणि चूक पुढच्याच ओळीत कुठेतरी उमटत होती. फोल्डरांना मी "वही १", "वही २" अशी नावे दिली होती आणि ती बदलायची माझी इच्छा नव्हती, म्हणून फाइल आधी नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीने बाइटच्या रूपात वाचून मग ओपनसीव्हीकडून उलगडून घेतली. दुसरा धक्का म्हणजे लाल बांधणी निळी झाली, कारण ओपनसीव्ही रंग निळा-हिरवा-लाल या क्रमाने ठेवते आणि पिलो लाल-हिरवा-निळा या क्रमाने. तिसरा धक्का एक्झिफचा: पिलो ती खूण पाळत नाही आणि ओपनसीव्ही आपणहून पाळते, त्यामुळे एका लायब्ररीत मोजलेले कोपरे दुसरीत भलतीकडे पडत होते.

कोपरे आपोआप शोधण्याचा प्रयत्न काळ्या घोंगडीवरच्या पानांसाठी यशस्वी झाला, सतरंजीने तिथेही हार खायला लावली. शेवटी ज्या पानांना गरज होती ती पडद्यावर चतुर्थांश आकारात दाखवून माउसने चार कोपरे टिपायचे आणि आलेल्या आकड्यांना चाराने गुणायचे, असा साधा मार्ग मी धरला. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. कोपऱ्यांचा क्रम चुकला की पानाचा डमरू होतो, मधे पीळ पडून वर-खाली पसरलेला. हे तीन-चारदा झाल्यावर क्रम लावण्याचे कामही संगणकाकडे दिले: आडव्या-उभ्या अंतरांची बेरीज सर्वांत लहान तो वरचा डावा कोपरा, सर्वांत मोठी तो खालचा उजवा, आणि उभ्यातून आडवे वजा करून सर्वांत लहान येईल तो वरचा उजवा. पानाचे प्रमाण बिघडू नये म्हणून काकांकडून पट्टीने मापे घेतली. पान १७ सेंटीमीटर रुंद आणि ३४ उंच निघाले, म्हणून सेंटीमीटरला १०० पिक्सेल या हिशेबाने १७०० बाय ३४०० ची चौकट ठरवली.

एक निर्णय मात्र गणिताने होण्यासारखा नव्हता. कोपरे जुळवून कागद अगदी सरळ झाला तरी आजोबांच्या ओळी उजवीकडे जाताना किंचित वर चढतात, आणि दिवस संपताना लिहिलेल्या खालच्या ओळी तर जास्तच. त्या ओळी सरळ करायच्या तर कागद वाकडा होतो. चारही कोपरे दिसत असतील तिथे कागद प्रमाण मानायचा आणि ओळींचा चढ तसाच राहू द्यायचा, कोपरे चौकटीबाहेर गेले असतील तिथेच शिरोरेषेला विचारायचे, असे मी ठरवले. ज्या पानांना पर्स्पेक्टिव्ह आणि फिरवणे दोन्ही लागले तिथे दोन्ही मॅट्रिक्सचा आधी गुणाकार करून घेतला, म्हणजे पिक्सेलांना एकदाच हलावे लागले. नंतर करायचे रूपांतर गुणाकारात डावीकडे लिहायचे असते, हे मी दोनदा विसरले. शिवणीजवळ पान जिथे गोलाकार वळते तिथल्या वाकलेल्या शिरोरेषांना यातले काहीच लागू पडत नाही. त्यासाठी काकांनी जुन्या फोटोफ्रेमची काच पानावर ठेवून शेवटच्या चार वह्या पुन्हा टिपल्या, आणि माझे निम्मे काम तिथेच वाचले.

सगळी पाने लावून काकांना परत पाठवली तेव्हा १७ पाने राहून गेली होती. ती नुसत्या आकडेमोडीची पाने आहेत. अंकांना शिरोरेषा नसते, त्यामुळे माझ्या आलेखाला त्यांची दिशा कळली नाही आणि माझ्याही नजरेतून ती सुटली. त्याच रात्री काकांचा फोन आला. आडव्या आलेल्या पानावरची बेरीज त्यांना वाचायची होती, आणि वाचायला फोन वळवला की पानही पडद्यावर त्याच्याबरोबर वळत होते. मी त्यांना फोनमधले आपोआप फिरणे बंद कसे करायचे ते सांगितले. त्यांनी ते केले, फोन आडवा धरला आणि मला सगळी बेरीज वाचून दाखवली. हातच्याचा एक आजोबांनी धरलेला नव्हता.